ग्रॅमवाले सीनाअण्णा

पहिल्या भेटीत सीनाअण्णांनी माझं नाव विचारलं नाही. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं शेकहँड करायचा असेल, म्हणून मीही केला. तर म्हणाले, "हात नको. किल्ल्या दे."

माझ्या डाव्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. का कोण जाणे, मी तो निमूटपणे दिला. त्यांनी जुडगा तळहातावर ठेवला, डोळे मिटले आणि चौथ्या मजल्यापासून आठव्यापर्यंत तसेच उभे राहिले.

"एकशे पंचेचाळीस," ते म्हणाले. मग शर्टाच्या खिशातून बिस्किटाएवढा वजनकाटा काढून जुडगा त्यावर ठेवला. एकशे सेहेचाळीस भरला. "अय्यो, एक ग्रॅम चुकला. वय झालं." आणि त्यातली एक पितळी किल्ली वर धरून, "ही कशाची?"

"पुण्याच्या फ्लॅटची."

"तिथं परत जाणार काय?"

"नाही हो, भाड्याचा होता. सोडून दोन महिने झाले."

"म्हणजे दुसऱ्याची किल्ली आणि वाहतोस तू." त्यांनी जुडगा परत दिला. "वजन हातात कळत नाही बाबा. चौथ्या तासाला कळतं."

लिफ्ट चौदाव्या मजल्यावर थांबली, ते उतरून गेले. माझा दहावा मजला केव्हाच मागे राहिला होता.

ह्या माणसावर पुढे मी एक विनोदी नाटुकलं लिहिलं आणि दोनशे लोकांसमोर करून दाखवलं. त्याची लाज मला अजून वाटते. हे लिहायला बसलो तेही ती थोडी उतरते का बघावं म्हणून. तेव्हा वाचताना हसू आलं तर जरूर हसा, अण्णा आहेतच तसे. फक्त मला शाबासकी देऊ नका.

त्यांचं पूर्ण नाव श्रीनिवासराव चव्हाण. पण बेंगळुरात श्रीनिवासचा सीना होतो आणि वयानं वडील असेल तर सीनाअण्णा. घराणं जुन्या शहरातल्या चामराजपेटचं. त्यांचे पूर्वज इथे शहाजीराजांच्या फौजेबरोबर आले, असं ते सांगतात आणि लगेच पुस्ती जोडतात, "सामान फार आणलं असणार, म्हणून परत जायला जमलं नाही." त्यांची मराठी घरात जपून ठेवलेली आणि तीनचारशे वर्षं कन्नडात मुरलेली. वाक्याच्या शेवटी 'काय' लावला की प्रश्न, 'सरी' म्हटलं की विषय संपला, आणि 'स्वल्प जड आहे' म्हटलं की ती वस्तू त्यांच्या मनातून उतरली. मी पुण्याहून व्हाइटफील्डच्या ह्या सोसायटीत आलेला, अर्धं इंग्रजी बोलणारा. आमच्या दोघांच्या मराठीत एक आख्खी बस मावेल एवढं अंतर होतं, पण सोसायटीत मराठी घरं बावीसच, त्यामुळे जुळवून घेतलं.

अण्णांचे वडील शिंपी. लग्नाच्या बँडवाल्यांचे लाल कोट शिवायचे. अण्णा इंजिनीअर झाले तरी वडिलांचं पायमशीन त्यांनी सोडलं नाही. नोकरीनं त्यांना सहा वर्षं अमेरिकेत आयडाहो नावाच्या डोंगराळ राज्यात पाठवलं. तिथे त्यांच्या प्लांटमध्ये डेल नावाचा मेंटेनन्सचा माणूस होता. त्यानं अण्णांना धनुष्यबाणानं शिकार करायला शिकवलं.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चहाचा ठसका लागला होता. एक तर अण्णांची उंची पाच फूट तीन इंच. आणि आपल्याकडे शिकारीला कायद्यानं बंदी, त्यामुळे शिकारी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो मिशीवाला राजा आणि पायाखाली वाघ. अण्णा म्हणाले, "तसं नव्हे ते. तिकडे मैलोन्मैल सरकारी जंगल असतं, सगळ्यांचं. लायसन काढायचं आणि जायचं. पण गाडी रस्त्यापाशी सोडून. पुढं पाच-सहा तास चढ, चालत. जनावर तिथं, माणसं पोचत नाहीत तिथं. चार दिवसांचं घर पाठीवर घेऊन जायचं. मग सांग, पाठीवर काय घेणार?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारायचे. उत्तर काहीही दिलं तरी चुकायचं. मी म्हणालो, तंबू. "तंबू कशाला? एक कापड, आणि चालायची काठी आहे ना हातात, तीच त्याचा खांब." मी म्हणालो, उशी. "कपड्यांची पिशवी आहे की." मी म्हणालो, टॉवेल. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाठीवर कपाट घेऊन निघालो होतो.

एकाच वस्तूच्या बाबतीत ते ग्रॅमांचा हिशेब करत नसत. "धनुष्य हलकं घ्यायचं नाही. हलकं धनुष्य हातात थरथरतं. बाकी सगळं काप, पण नेम धरायच्या वेळी हातात काहीतरी जड पाहिजे."

अण्णांना परत येऊन दहा वर्षं झाली होती. आईला अर्धांगाचा झटका आला म्हणून आले, आई चार वर्षांनी गेली, तोवर अण्णांचा पासपोर्ट आणि गुडघा दोन्ही जुने झाले. धनुष्य बरोबर आलं होतं. होसकोटेच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाच्या शेतात रविवारी गवताच्या भाऱ्यावर बाण मारायचे, बस्स. पण सामान? सामानाचं काम बारा महिने चालू होतं.

एकदा त्यांनी तंबूऐवजीचं, स्वतः शिवलेलं राखाडी कापडी छत गच्चीवर ताणलं, खाली आडवे झाले आणि वॉचमनला बागेचा पाइप घेऊन वरून पाणी मारायला सांगितलं. अर्धा तास. शिवण कुठे गळते ते बघायला. सोसायटीच्या सेक्रेटरीनं दुसऱ्या दिवशी नोटीस लावली की गच्चीवर झोपडी बांधण्यास सक्त मनाई आहे. अण्णांनी ती नोटीस काळजीपूर्वक वाचली आणि सेक्रेटरीला म्हणाले, "कागद स्वल्प जाड वापरला तुम्ही."

रोज संध्याकाळी ते पाठीवर पिशवी लावून चौदा मजले चढायचे आणि उतरायचे, तीन वेळा. पिशवीत वजन म्हणून तूरडाळ. त्यांच्या पत्नी, प्रमिलाक्का, म्हणायच्या, "सगळ्यांकडची डाळ दुकानातून घरी येते. आमची डाळ आधी डोंगर चढते, मग शिजते."

एका लग्नात ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. मानेला थंडगार काहीतरी लागलं म्हणून मी दचकलो, तर त्यांनी छोट्या कात्रीनं माझ्या कुर्त्याचं लेबल उडवलं होतं. "दोन ग्रॅम," ते कानात म्हणाले. "आता बघ कसं वाटतं." खरं सांगायचं तर बरं वाटलं होतं. लेबल टोचतच होतं.

आता मी. मला नकला चांगल्या येतात. ऑफिसात मॅनेजरची, सोसायटीत सेक्रेटरीची, घरी माझ्या सासऱ्यांची. लोक हसतात, आणि लोक हसले की मला पुढचं काही दिसत नाही. हा माझा स्वभाव आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. दोष आहे हे उशिरा कळलं.

त्या वर्षी जुलैमध्ये एके संध्याकाळी दोन्ही लिफ्ट बंद पडल्या. मी ऑफिसची बॅग घेऊन जिना चढायला लागलो आणि तिसऱ्या मजल्यावर मला डाळ घेतलेले अण्णा भेटले. आम्ही बरोबर चढलो. नवव्या मजल्यावर माझा दम तुटला. त्यांनी मला लँडिंगवर बसवलं आणि स्वतःही बसले. खिडकीतून खाली ऑफिसच्या कॅबची रांग दिसत होती, हलत नव्हती. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "अण्णा, सहा वर्षांत किती शिकारी केल्या?"

"एकही नाही," ते म्हणाले.

मला वाटलं गंमत करतायत.

"शेवटच्या वर्षी एक संधी आली. एल्क. म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊ, घोड्याएवढा. ओढ्यावर पाण्याला आला होता. वीस पावलांवर. वारा माझ्या तोंडावर, त्याला माझा वास नाही. मी धनुष्य ओढलं. धरून राहिलो. त्याच्या नाकातून वाफ येत होती, ती दिसत होती मला." तळहात उलटा करून त्याच्याकडे बघत राहिले. "मला सगळ्यांचं वजन कळतं ना? त्याचं कळेना. म्हणजे किलो नव्हे. ते चारशे-साडेचारशे असेल. दुसरं. कसं सांगू? मी हळूच दोरी परत आणली. तो पाणी पिऊन गेला."

"मग?"

"मग काय. वरती डेल होता, खडकाच्या मागं. सहा वर्षं त्यानं शिकवलं मला. त्याला काय सांगू, मला जमलं नाही म्हणून? सांगितलं, मध्ये फांदी आली, धनुष्य अडलं. तो म्हणाला, वाईट नशीब." अण्णा उठले, पिशवी सारखी केली. "हे कुणाला बोललो नाही मी. प्रमिलाला पण नाही. सरी, चल."

मी चाललो. आणि खोटं कशाला बोलू, बाराव्या मजल्यापर्यंत पोचायच्या आत माझ्या डोक्यात त्या वाक्याची चाल बसायला लागली होती. 'सगळ्यांचं वजन कळतं, ह्याचं कळेना!' काय वाक्य होतं! मी माझा दहावा मजला पुन्हा एकदा विसरलो होतो.

गणपतीत आमच्या बावीस मराठी घरांचा एक सांस्कृतिक कार्यक्रम असतो. आजूबाजूच्या सोसायट्यांतलेही मराठी लोक येतात. मी वीस मिनिटांचं नाटुकलं बसवलं, त्यात अण्णा मीच झालो. सीनाअण्णांना न्यायला साक्षात यम येतो. अण्णा त्याच्या गदेचं वजन करतात, म्हणतात, स्वल्प जड आहे, अॅल्युमिनियमची घे. रेड्याची शिंगं पोकळ करायला सांगतात. यमाच्या मुकुटाचं लेबल कापतात. यम वैतागून विचारतो, अरे, तू दहा वर्षं सामान बांधतोयस, जाणार कुठे आहेस? अण्णा म्हणतात, जायचं कुठंच नाही, पण तयारी पाहिजे! आणि शेवटी यम पैज लावतो, रेड्याला एक बाण मारून दाखव, तुला सोडतो. रेडा वीस पावलांवर उभा राहतो. अण्णा धनुष्य ओढतात. हात थरथर, पाय थरथर, दाढी थरथर. धनुष्य खाली ठेवतात आणि हंबरडा फोडतात, "सगळ्यांचं वजन कळतं, ह्याचं कळेना! ए, कुणाला सांगू नका, फांदी आली म्हणा, फांदी!"

दोनशे माणसं खुर्च्यांवरून पडायची बाकी राहिली.

अण्णा पहिल्या रांगेत होते. मीच बसवलं होतं त्यांना तिथे. मी स्टेजवरून पाहिलं, ते टाळ्या वाजवत होते. शेजारी प्रमिलाक्का टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या अण्णांकडे बघत होत्या. त्यांना ती गोष्ट माहीत नव्हती, आणि आता बायकोला नवऱ्याबद्दलची एक गोष्ट दोनशे लोकांबरोबर कळत होती. हे मला त्या क्षणी दिसलं. दिसलं, आणि मी तरीही कमरेत वाकून दोनदा अभिवादन केलं.

कार्यक्रमानंतर अण्णा विंगेत आले. मी कापसाची दाढी काढत होतो. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, तळहातावर ठेवली. "पंधरा ग्रॅम," म्हणाले. "चांगली केली आहे." आणि गेले.

घरी आल्यावर माझी बायको केतकी म्हणाली, "त्यांना विचारलं होतंस?"

"ते हसत होते की."

"मी ते विचारलं नाही," ती म्हणाली आणि दिवा घालवून झोपली.

कुणीतरी त्या नाटुकल्याचा व्हिडिओ काढला होता. तो एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर, असं करत करत बेंगळुरातल्या सगळ्या मराठी मंडळांत फिरला. चामराजपेटेत अण्णांच्या चुलत भावांपर्यंत पोचला. मला तीन दिवस अभिनंदनाचे मेसेज येत होते. आणि सोसायटीत अण्णा जिना चढायला लागले की प्रत्येक मजल्यावरून कोणीतरी हाक मारायचं, "अण्णा, रेड्याचं वजन कळलं का?" एक जण तर दार उघडून रोज फक्त "फांदी, फांदी" म्हणायचा आणि दार लावून घ्यायचा.

चौथ्या दिवसापासून अण्णा जिना सोडून लिफ्टनं जाऊ लागले. आता लिफ्टमध्ये त्यांची गाठ पडेल, ह्या भीतीनं मी जिन्यानं जाऊ लागलो. दहा मजले, दिवसातून दोनदा. लोकांना वाटलं मी वजन कमी करतोय. एकानं तर कौतुक केलं, अण्णांचा वारसा चालवतोस म्हणून. मी मान खाली घालून चढत राहिलो. माफी मागायची वाक्यं मी प्रत्येक मजल्यावर तयार करायचो आणि घरी पोचेपर्यंत ती सगळी मलाच खोटी वाटायची. सगळ्यांची सुरुवात एकच, 'अण्णा, मला तसं म्हणायचं नव्हतं.' पण मला तसंच म्हणायचं होतं. वीस मिनिटं मी नेमकं तेच म्हटलं होतं.

असे बारा दिवस गेले. एका शनिवारी जिन्यात प्रमिलाक्का समोर आल्या. त्यांनाही बहुधा लिफ्ट नको झाली होती.

"उद्या सकाळी साडेसातला घरी ये," त्या म्हणाल्या. "त्यांनी बोलावलंय. स्वतः सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते."

"अक्का, मी खरं तर तुमची..."

"माझी माफी मागू नको. मला तुझा राग आहे, तो स्वल्प दिवस राहू दे. त्यांना का नाही, ते मला कळत नाही." आणि त्या खाली उतरून गेल्या.

रविवारी सकाळी मी चौदाव्या मजल्यावरची बेल वाजवली. दोन वर्षांत ह्या घराच्या आत मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होतो. हॉलमध्ये एका भिंतीला ते पायमशीन होतं, आणि जमिनीवर चादर पसरून तिच्यावर सगळं सामान ओळीनं मांडलेलं होतं. छताचं कापड, पिसांची पातळ गोधडी, पातेलं, चाकू, मांस भरायच्या जाळीदार कापडी पिशव्या, जेवणाच्या चार पुड्या, प्रत्येकीवर वार लिहिलेला. मला वाटलं, बघा, माझं नाटुकलं जमिनीवर मांडलंय. दहा वर्षांची तयारी, जायचं कुठेच नाही.

अण्णा मांडी घालून बसले होते. समोर पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून टॅब्लेट ठेवला होता. "ये, बस," ते म्हणाले. "हा डेल."

पडद्यावर एक उंच, सुकलेला म्हातारा होता. सत्तरीच्या पुढचा, डोक्यावर टोपी, गुडघ्याला पट्टा. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती. त्याच्या मागच्या खिडकीत अजून उजेड होता. आणि त्याच्या समोर, त्याच्या घराच्या लाकडी जमिनीवर, तेच सामान मांडलेलं होतं. तेच राखाडी कापड. तीच गोधडी. त्याच पिशव्या, त्याच क्रमानं.

मला कळायला वेळ लागला. अण्णा प्रत्येक वस्तू दोन-दोन शिवत होते. एक पार्सलनं डेलला पाठवायचे आणि दुसरी स्वतःकडे ठेवायचे. फोनवर डेलला काही अडलं की इथे ती हातात घेऊन दाखवता यावी म्हणून. गच्चीवर पाण्याखाली ते झोपत होते ते डेलच्या छतासाठी. चौदा मजले डाळ चढत होती ती डेलच्या पिशवीचे पट्टे खांद्याला कुठे काचतात ते बघायला. डेलचे दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टरनं सांगितलं होतं, आठ किलोच्या वर पाठीवर घ्यायचं नाही, नाहीतर डोंगर बंद. बायको गेल्यापासून त्या माणसाला वर्षातून एकदा डोंगरात चार दिवस जाणं एवढंच उरलं होतं. अण्णा दर वर्षी त्याच्या पाठीवरचे ग्रॅम कापत होते.

"सात किलो आठशे ऐंशी," अण्णा इंग्रजीत म्हणाले. "चार दिवसांचं खाणं आणि पाणी धरून. मांस खाली आणायला शेजाऱ्याची खेचरं येतील ना?"

"येतील," डेल म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "हाच का तो? नट?"

"हाच," अण्णा म्हणाले. "त्यानंच लिहिलं."

"सीनानं मला व्हिडिओ पाठवला," डेल मला म्हणाला. "मी चार वेळा बघितला. एक अक्षर कळलं नाही. सीना सांगत नाही, म्हणतो, लिहिणाऱ्यालाच विचार. सांग बाबा, काय आहे ते."

माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मी अण्णांकडे पाहिलं. ते एका पुडीवरचा वार वाचत होते.

मी सांगायला लागलो. यम म्हणजे कोण, रेडा म्हणजे काय, गदा कशी हलकी केली. डेल हसला, हसता हसता खोकला. "अगदी सीना! अगदी!" म्हणाला. "आणि शेवटी? शेवटी लोक सगळ्यात जोरात हसतात. तो रेडा उभा राहतो आणि तू धनुष्य खाली ठेवतोस. तिथे काय म्हणतोस?"

प्रमिलाक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या.

"तिथे..." मी म्हणालो. "तिथे मध्ये फांदी येते. म्हणून बाण सोडता येत नाही."

डेलचा चेहरा एकदम गंभीर झाला. "सीना, तू ह्यांना फांदीचं सांगितलंस?"

अण्णांनी पुडी खाली ठेवली. "तो खोटं सांगतोय, डेल," ते म्हणाले. "मला वाचवायला. फांदी नव्हती. मी ओढलं, आणि मला सोडवेना. तुला मी खोटं सांगितलं. नाटकात लोक हसतात ते ह्याच्यावर."

डेल कॅमेऱ्याजवळ सरकला, पडदाभर नुसती टोपी दिसायला लागली.

"नव्हती?" डेल म्हणाला.

"नव्हती."

"अरे सीना," तो म्हणाला, "मी त्या फांद्या छाटतोय."

"कुठल्या?"

"त्या ओढ्याकाठच्या. तू गेलास त्याच्या पुढच्या वर्षापासून. दर सप्टेंबरला तिथे जातो आणि वाटेत येईल ते सगळं कापतो. सरकारी जंगल आहे, कापायला परवानगी नाही. लपून कापतो. तू परत आलास तर तुझ्या आड काही येऊ नये म्हणून." त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. "तो ओढा आता न्हाव्यानं केल्यासारखा दिसतो."

अण्णांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ते हसतायत की काय, मला कळेना. खांदे हलत होते. प्रमिलाक्का पुढे आल्या आणि त्यांच्या पाठीमागे जमिनीवर बसल्या.

"तू मला कधी बोलला नाहीस," अण्णा शेवटी म्हणाले.

"तू तरी कुठे बोललास?" डेल म्हणाला. मग, "का सोडवेना?"

"त्याचं वजन कळेना मला."

डेलनं मान हलवली. विचार करून हलवली. "हे मला पटतं," तो म्हणाला. "फांदी मला पटली नव्हती. धनुष्य फांदीला लावणारा माणूस तू नव्हेस. मला वाटायचं, मीच शिकवायला कुठेतरी कमी पडलो."

मी तिथे बसलो होतो. दोन म्हाताऱ्यांनी दहा वर्षं जे एकमेकांपासून जपून ठेवलं होतं, ते मी कापसाची दाढी लावून स्टेजवर ओरडलो होतो. मला उठून जायचं होतं. पण डेल पुन्हा माझ्याकडे वळला.

"ऐक, तुला एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "सीनानं व्हिडिओबरोबर लिहिलं होतं, हा लिहिणारा माझा इथला सगळ्यात जवळचा मित्र आहे, म्हणून तर माझ्यावर नाटक केलं. वाचून मला फार बरं वाटलं. तो इथून गेला तेव्हापासून मला एकच काळजी होती. आई गेल्यावर तो तिथे ह्या सगळ्याबद्दल बोलणार कुणाशी? दर वेळी विचारायचो, मित्र आहेत ना? तो म्हणायचा, पुष्कळ आहेत. मला खरं वाटायचं नाही. आता बघितलं. खरंच आहेस ना तू?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. कापडाची एक शिवण नखानं सरळ करत होते, ती आधीच सरळ होती. मला एकदम कळलं की बारा दिवसांपूर्वी पहिल्या रांगेत बसून ते टाळ्या कसल्या वाजवत होते. आणि डेलला नाटकाचा अर्थ का सांगितला नव्हता. त्याला दाखवायला त्यांच्याकडे मित्र म्हणून मी एकटाच होतो.

"हो," मी म्हणालो. "आहे."

डेलनं समाधानानं मान डोलावली. म्हणाला, मंगळवारी निघतोय, परत आलो की फोन करतो. पडदा काळा झाला.

प्रमिलाक्का उठून आत गेल्या. थोड्या वेळानं भांड्यांचा आवाज आला, आणि मग मला ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणाल्या, "उप्पीट तिघांचं टाकते."

"अण्णा," मी म्हणालो. दहा मजल्यांवर रचलेलं एकही वाक्य आठवेना. "मी ते करायला नको होतं."

"नको होतं," अण्णा म्हणाले. त्यांनी 'जाऊ दे' म्हटलं नाही, आणि मला ते बरं वाटलं. ते छताच्या कापडाचं एक टोक उचलून उभे राहिले. मोठं कापड होतं, हॉलभर पसरलेलं. एकट्या माणसाला त्याची नीट घडी घालता येणं शक्य नव्हतं. इतकी वर्षं ते दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधून घालत असावेत, कारण गजाला अजून दोरीचा फास होता.

मी वाकून दुसरं टोक उचललं आणि उत्साहानं जोरात ताणलं.

"ओढू नको," अण्णा म्हणाले. "नुसतं धर."